डायनासोरच्या शेणात धानाचं गोत

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात, पिसदुरा नावाचं गाव आहे. इथल्या शिवारात मातीतून काही गोटे वर येतात. कुणी करडे, कुणी तांबूस. काही बोराएवढे, काही मुठीत न मावणारे. नीट पाहिलं तर त्यांच्यावर वळ्या दिसतात, मऊ लगदा दाबून बाहेर पडताना उमटाव्यात तशा. हे गोटे म्हणजे दगड झालेली विष्ठा आहे. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपात पसरू लागला त्या सुमारास, इथे नद्या-तळ्यांचा सखल प्रदेश होता आणि लांब मानेचे, अवाढव्य देहाचे, पाला खाणारे टायटॅनोसॉर त्यात हिंडत होते. त्यांची हाडं पिसदुऱ्यात सापडली आहेत, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कासवांची सापडली आहेत, आणि बहुधा त्यांचीच ही विष्ठाही. शास्त्रज्ञ तिला कॉप्रोलाइट म्हणतात.

हाडांवरून प्राणी केवढा होता ते कळतं. तो काय खात होता हे मात्र विष्ठाच सांगते. म्हणून या ओबडधोबड गोट्यांना जगभरच्या प्रयोगशाळांत मान आहे.

पिसदुऱ्याचे हे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विद्वानांच्या नजरेस आणले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हा माणूस १८४५ पासून नागपुरात होता आणि त्याच्या जिज्ञासेला कुंपण नव्हतं. तो खडक फोडून जीवाश्म गोळा करी, गोंडांमध्ये बसून त्यांचे शब्द आणि लिंगो या त्यांच्या पुराणनायकाची गाथा उतरवून घेई, आणि वेळ मिळाला की जुन्या शिळावर्तुळांचा माग काढी. १८६३ साली टाकळघाटची अशी शिळावर्तुळं पाहून परतताना तो नदीच्या पुरात बुडाला. त्याचे आदिवासींविषयीचे कागद रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. भूशास्त्र, भाषाशास्त्र, पुरातत्त्व हे आज तीन विभाग आहेत, त्यांचे तीन विभागप्रमुख आहेत. हिस्लॉपसाठी तो एकच मुलूख होता, आणि त्या मुलखात जे दिसेल ते समजून घ्यायचं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल लिहायला बसलं की मला त्याची ही पद्धतच सोयीची वाटते. इथलं संशोधन विषयवार मांडायला गेलं तर तुकडे हाती येतात. जमीन धरून चाललं तर एकातून दुसरं निघत जातं.

तर ते गोटे. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पती संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटचा चुरा रसायनांत विरघळवला आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात त्यांना फायटोलिथ दिसले.

फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशीत साठलेले सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, अतिसूक्ष्म कण. झाड मुळांवाटे पाणी ओढतं, त्या पाण्यात विरघळलेलं सिलिका असतं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका पेशीत बसून राहतं आणि पेशीचा आकार घेतं. पान कुजतं, कण कुजत नाहीत. गवतवर्गीय वनस्पती तर सिलिका फार साठवतात. झाडीपट्टीत, म्हणजे इथल्या धानाच्या मुलखात, निंदायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे बोटांनी ठाऊक आहे: धानाच्या पानाची कड हाताला कापते, ती याच सिलिकामुळे. आणि प्रत्येक गोतातल्या गवताच्या कणांचे आकार वेगळे. कुणाचे डंबेलसारखे, कुणाचे खोगिरासारखे. त्यामुळे पान नाही, फूल नाही, बी नाही, तरी कण पाहून जाणकार सांगू शकतो की हे कोणत्या गोतातलं गवत आहे.

पिसदुऱ्याच्या विष्ठेत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. त्यात बांबूच्या आणि भाताच्या गोतातल्या गवतांचेही होते.

हे वाचून जगभरचे पुराजीवशास्त्रज्ञ चकित झाले, कारण तोवरची समजूत वेगळी होती. डायनासोर संपले, सस्तन प्राणी वाढले, आणि गवतांच्या निरनिराळ्या शाखा पुढे कधीतरी फुटल्या, असं मानलं जाई. डायनासोरच्या चित्रांत पायाखाली गवत काढलं तर ती चूक धरत. पिसदुऱ्याने ते उलटवलं. इथे डायनासोर चालत होते तेव्हा गवतं नुसती होती असं नाही, त्यांच्यात वेगवेगळी घराणीही पडलेली होती. टायटॅनोसॉरच्या आहारात गवताचा वाटा थोडाच होता. बाकी माड-कुळातली झाडं, सूचिपर्णी, इतर पालाच जास्त. पण होता. २०११ मध्ये याच चमूतल्या संशोधकांनी आणखी बारकाईने पाहून भाताच्या गोताचा उगम त्या काळापर्यंत मागे नेला.

आता हे लक्षात घ्या की पिसदुरा ज्या जिल्ह्यात आहे तो धानाचा जिल्हा आहे. चंद्रपूरचा पूर्व भाग, गडचिरोली, शेजारचे भंडारा-गोंदिया हा सगळा धानपट्टा. आज आपण खातो तो भात माणसाने गेल्या काही हजार वर्षांत घडवला, आणि तो पिसदुऱ्यात घडवला असं कुणी म्हणत नाही. तरीही या मातीत भाताच्या पूर्वगोताची खूण दडलेली असणं आणि त्याच मातीवर आजही माणसं बांध्यांत चिखलणी करत असणं, हे मनात एकत्र आलं की क्षणभर थांबावंच लागतं.

त्या बांध्यांमधलं एक नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, दाणा बारीक. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा मनासारख्या लोंब्या निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं वर्षामागून वर्ष.

यामागचं शास्त्र सुंदर आहे. धानाचं फूल सहसा स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे शेतात हजारो रोपांत एखादं रोप उत्परिवर्तनाने किंवा चुकून झालेल्या संकराने वेगळं निघालं, तर त्याचे गुण त्याच्या दाण्यांत बऱ्याच अंशी टिकतात. चार-सहा पिढ्या निवड करत राहिलं की जात स्थिर होते. कृषी विद्यापीठातला पैदासकार हेच करतो, त्याला शुद्ध वंश निवड म्हणतो. अवघड भाग असतो तो पहिला: हिरव्या-पिवळ्या एकसारख्या पसाऱ्यात ती वेगळी लोंबी दिसणं. त्याला रोजचं शेतात उभं राहणं लागतं, आणि पाहण्याची सवय लागते.

त्या बारीक, मऊ शिजणाऱ्या, भरघोस उतरणाऱ्या धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडलं आणि ते बियाणं हातोहात अनेक राज्यांत गेलं. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हे बियाणं अभ्यासाला नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही बियाणं शुद्ध केलं, सुधारलं. दादाजींचं म्हणणं, माझ्या कामाचं श्रेय मला मिळालं नाही. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने देशातल्या ग्रामीण उद्यमींच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. तोवर त्यांनी आणखी अनेक वाण काढले होते: नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

माझं मत स्पष्ट आहे. बियाणं शुद्ध करणं हे खरं काम आहे, त्याला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसं लागतात. पण मूळ निरीक्षण ज्याचं, त्याचं नाव वाणाच्या कागदावर पहिल्या ओळीत यायला हवं होतं. विज्ञानात श्रेय देणं हा शिष्टाचाराचा भाग नाही, तो पुराव्याचा भाग आहे: ही गोष्ट कुठून आली, कुणी पाहिली, कधी पाहिली.

नांदेडहून जवळच सिंदेवाही. तिथे कृषी विद्यापीठाचं धान संशोधन केंद्र आहे. आणि त्याच सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचं एक धातूचं कडं येऊन पडलं. त्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आभाळात जळत जाणारी रेघ पाहिली होती. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ चंद्रपूरला आले, तुकडे तपासायला घेऊन गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ या रॉकेटचा तो उरलेला टप्पा असावा, असा निष्कर्ष निघाला. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत, वातावरणाच्या वरच्या विरळ थराला घासत, त्याची कक्षा खाली खाली येत गेली आणि शेवट धानाच्या गावात झाला. कक्षा कशी ढासळते हा भौतिकशास्त्राचा धडा लाडबोरीच्या पोरांनी पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहिला.

गवताकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट संपलेली नाही. पिसदुऱ्याच्या विष्ठेत बांबूच्या गोतातल्या गवताचेही कण होते, हे वर आलंच. बांबू हे गवतच आहे; वनस्पतिशास्त्राला याबद्दल कधी शंका नव्हती. कायद्याला होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘झाड’ या व्याख्येत बांबू घातला होता, आणि झाड म्हटलं की तोडलं ते इमारती लाकूड, म्हणजे वनखात्याचा हक्क. बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू जाई, आणि ज्या गावांच्या भोवती तो उगवे त्या गावांना घर शाकारायलाही विचारावं लागे.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने हा प्रश्न अभ्यासाला घेतला. शब्द मुद्दाम वापरतोय: अभ्यासाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगट चालत आला. कुणी बाहेरचा जाणकार आला तर त्याला बसवायचं, कायदा वाचून घ्यायचा, जंगलाचं काय होतंय ते बोलायचं, मासे-मध-बांबू यांवर खल करायचा. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सगळ्यांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवणं ही या गावाची मला सर्वांत मोलाची वाटणारी युक्ती आहे. अभ्यासगटात कुणाला जिंकायचं नसतं, म्हणून तिथे माणूस मोकळेपणाने शंका काढतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि ते ग्रामसभेच्या मालकीचं ठरवलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्या काहींपैकी. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१७ मध्ये वन अधिनियमाच्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. सात कोटी वर्षांपूर्वी जे गवतांच्या गोतात होतं ते कायद्याच्या दृष्टीने नव्वद वर्षं झाड होतं. ते सुटायला वनस्पतिशास्त्र, कायदा आणि एका गावाचा चिवटपणा, तिन्ही लागले.

बांबूच्या रांजीत वाघ बसतो, हे चंद्रपूरकराला सांगायला नको. ताडोबा १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, राज्यातलं सर्वांत जुनं. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह तो व्याघ्रप्रकल्प झाला. पण वाघांचा खरा अभ्यास आता उद्यानाच्या बाहेर सरकला आहे, कारण वाघही बाहेर आहेत. ब्रह्मपुरी वनविभागात, धानाच्या बांध्या आणि जंगलाचे तुकडे यांच्या गोधडीत, वाघ राहतात, वितात, आणि वाढलेले नर नवा मुलूख शोधायला निघतात. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि वनविभाग यांनी पूर्व विदर्भात काही वाघांना रेडिओ कॉलर लावून ही वाटचाल तपासली आहे.

सर्वांत थक्क करणारी नोंद मात्र कॉलरशिवायची आहे. २०२३ मध्ये ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात, महेंद्रगिरीच्या डोंगरात, एक वाघ दिसला. तिथे तो कुणाच्या ओळखीचा नव्हता. कॅमेऱ्यात आलेले त्याचे पट्टे वन्यजीव संस्थेच्या संग्रहाशी जुळवून पाहिले, तर तो ब्रह्मपुरीचा निघाला. सुमारे २,००० किलोमीटर, चार राज्यं. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, डाव्या कुशीचे आणि उजव्या कुशीचेही एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणूनच ही ओळख पटू शकली. त्या वाटेत किती रस्ते, रेल्वेमार्ग, कालवे, नद्या, गावं आली असतील याचा विचार करा, आणि त्या जनावराने बहुतेक सगळं रात्रीच्या अंधारात पार केलं असणार.

याच संशोधनाची दुसरी बाजू जड आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे, वाकून, जंगलात जाणारी माणसं. वाघाची वाट जेवढ्या बारकाईने नोंदली जाते तेवढ्याच बारकाईने या माणसांची वाट, वेळ आणि गरजही नोंदली जायला हवी. वन्यजीवशास्त्र आणि ग्रामीण अर्थशास्त्र हे दोन विभाग इथे एका टेबलावर बसले नाहीत तर दोघांचंही संशोधन अर्धं राहील.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला जिल्हा, तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये इथे आले आणि तेंदूपत्त्याच्या एका गोदामात त्यांनी कामाला सुरुवात केली. संस्थेचं नाव ‘सर्च’. आधी त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पाहणी केली. वैज्ञानिकदृष्ट्या ती महत्त्वाचीच होती, पण लोकांची तातडीची मागणी ती नव्हती. संशोधकाला कुतूहल वाटणारा प्रश्न आणि लोकांना छळणारा प्रश्न वेगळे असू शकतात, हे त्यातून उमगलं, आणि पुढची दिशा लोकांशी बोलून ठरू लागली. दवाखानाही लोकांनी सांगितला तसा झाला: पांढऱ्या इमारतीऐवजी गोंड पाड्यासारखा, आणि दंतेश्वरी मातेच्या नावाचा. धानोरा रस्त्यावरचं ते शोधग्राम. दादाजी खोब्रागडेंनी शेवटचा श्वास घेतला तोही तिथेच.

बायका राणीताईंना जे सांगत होत्या त्यातून पहिला मोठा अभ्यास उभा राहिला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी. आजारी म्हणून आलेल्यांची नाही, गावातल्या सगळ्यांची. हाच त्या अभ्यासाचा कणा होता. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक विकार निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धोरणकर्त्यांना दिसत असे. दोन गावांच्या आकड्यांनी जगाला बाईचं उरलेलं दुखणं दाखवलं.

नंतर न्युमोनिया. तान्ह्या बाळाला न्युमोनिया आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासांचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले की औषध हवं. गावातल्या दायांना शिकवायचं ठरलं, तर अडचण अशी की त्यांना इतके आकडे मोजता येत नव्हते आणि त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. मग एक यंत्र झालं, म्हणावं तर पाटीवरचे मणी आणि मिनिटाची वाळूघडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजणं प्रत्येक दाईला येतंच. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जिथे हे काम झालं त्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. मला हा मण्यांचा श्वासमापक महाराष्ट्रात घडलेल्या उत्तम वैज्ञानिक उपकरणांत धरावासा वाटतो. त्यात वीज नाही, काच एवढीशी, आणि वापरणाऱ्या बाईला काय येत नाही यापेक्षा काय येतं यावर तो उभा आहे.

त्यानंतरचा प्रयोग सर्वश्रुत आहे. ३९ गावांत थोडं शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचं वजन करत, ऊब देत, श्वास अडकला तर फुंकणीने देत, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरोघरी नवजात बाळाची काळजी ही पद्धत २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. आज देशाच्या कुठल्याही टोकाला आशाताई पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी बाळ पाहायला दारात येते, तिच्या पिशवीत गडचिरोलीचा हा अभ्यास असतो.

भाषेचं थोडक्यात सांगतो, पण ते टाळता येणार नाही. इथे मराठीशी नातं नसलेल्या भाषा बोलल्या जातात: गोंडी, माडिया, कोलामी. या द्रविड कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो याने १९५५ मध्ये कोलामीचं व्याकरण छापलं, आणि १९६१ मध्ये सुधिभूषण भट्टाचार्य यांनी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, नायकी भाषेवर लिहिलं. तेव्हापासून जगाच्या भाषाशास्त्रीय ग्रंथांत चांदा हे नाव एका भाषेची ओळख म्हणून आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. हे काम कुठल्याही प्रबंधापेक्षा कमी नाही.

आणि अगदी दक्षिणेला सिरोंचा. प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. इथल्या खडकांतले मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विज्ञानाला माहीत आहेत, आणि या गावाच्या नावाने जुरासिक काळातला एक खडकसमूह जगभर ओळखला जातो. त्याच खडकांत नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूला १९६० च्या सुमारास बारापासॉरस सापडला. सांख्यिकी संस्थेत डायनासोर कसा, असं वाटेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना संख्याशास्त्राला लागणाऱ्या मोजमापांचं सगळंच जग हवं होतं. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून भूशास्त्राचा विभागच काढला. नदीच्या अलीकडे, सिरोंच्याजवळ वडधम येथे, झाडांचे आणि प्राण्यांचे जीवाश्म जपणारं उद्यान आहे.

या दोन जिल्ह्यांना स्वतःचं विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी मिळालं. गोंडवाना विद्यापीठ. तोवर इथल्या मुलांचं विद्यापीठ नागपूर होतं. म्हणजे पिसदुऱ्याचा शोध, एचएमटी, मेंढ्याचा अभ्यासगट, वसा-अमिर्झाची पाहणी हे सगळं विद्यापीठाआधीचं आहे. आता तिथे विज्ञान आणि तंत्रज्ञान संसाधन केंद्र आहे, ग्रामसभांचं प्रशिक्षण आहे, विद्यापीठच गावात नेण्याचा उपक्रम आहे. दिशा बरोबर आहे. तिथे शिकणाऱ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे: प्रबंधाचा विषय शोधायला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात आधी जाऊ नका. आपल्या गावच्या बांधीत, रांजीत, दवाखान्याच्या ओट्यावर, आजीच्या बोलण्यात आधी शोधा. ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा. आणि काम पुरं झालं की त्याची एक प्रत मराठीत, जमेल तिथे गोंडीत किंवा माडियात, त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.